काही झाले तर कोण बघणार?

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, त्याने गोवराची लस पूर्वी घेतलेली असो वा नसो, एक जादा डोस द्यायचा आणि त्यासाठी आधी शाळा, मग वस्त्या गाठायच्या, असे तिचे स्वरूप होते. परळच्या ज्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवत होते, तिथे मुख्याध्यापकांनी या कामासाठी नोडल शिक्षिका म्हणून माझी नेमणूक केली. नेमणुकीचा कागद हातात पडल्यापासून शेवटच्या मुलाची नोंद होईपर्यंत जे पाहिले आणि ऐकले ते लिहून ठेवावे असे मला बरेच दिवस वाटत होते, कारण ‘लोक अडाणी असतात म्हणून लस घेत नाहीत’ हे वाक्य आजही सर्रास कानावर येते आणि माझ्या अनुभवाशी ते मुळीच जुळत नाही.

आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचे होते. वर्गनिहाय याद्या कशा करायच्या, लसीकरणाच्या दिवशी किती खोल्या लागतील, कोणत्या मुलांना त्या दिवशी लस द्यायची नाही, हे सगळे व्यवस्थित सांगण्यात आले. या मोहिमेमागचे कारणही तिथेच नीट समजले. गोवर हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक असून, ज्यांच्या अंगी त्याची प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणूनच तो थोपवायचा तर शंभरातली किमान पंच्याण्णव मुले सुरक्षित असावी लागतात. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने सगळ्या बाळांना संरक्षण मिळत नाही. शंभरातली सुमारे पंधरा बाळे लस घेऊनही कोरडीच राहतात. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही, पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना जन्मजात इजा होऊ शकते. सरकारी वेळापत्रकात त्याची लस २०१७ पूर्वी नव्हतीच. मुलग्यांना ही लस कशाला, असा प्रश्न पुढे मला अनेक बापांनी विचारला, त्याचे उत्तर यातच होते: शाळेतून रुबेला घरी घेऊन जाणारा मुलगाही असू शकतो आणि त्याची आई त्या वेळी गरोदर असू शकते.

पालकांना पाठवायच्या चिठ्ठीवर ‘संमती आहे’ आणि ‘संमती नाही’ असे दोनच पर्याय होते. त्याखाली ‘नाही असल्यास कारण’ अशी एक रिकामी ओळ घालावी असा आग्रह मी धरला. कारण विचारले की लोक कारणे शोधतात आणि नकार वाढतात, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे होते. मला ते मान्य नव्हते. नकार कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला उत्तर तरी कशाचे द्यायचे? शेवटी त्यांनी परवानगी दिली, आणि त्या एका ओळीने मला जे शिकवले ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हते.

चिठ्ठ्या परत आल्या तेव्हा मी त्या घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरल्या. ‘मुलाला सर्दी आहे’, ‘सहामाहीत मार्क कमी पडलेत, ताप आला तर अभ्यास बुडेल’, ‘आमच्या डॉक्टरांकडून एमएमआर दिलेली आहे’ (म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस), ‘मिस्टर गावी गेलेत, आल्यावर विचारून सांगते’, ‘सासूबाई नको म्हणतात’, ‘फुकटची लस नको, पैसे भरून घेऊ’ अशी उत्तरे होती. काहींनी नुसतीच रेघ ओढली होती. एका चिठ्ठीवर अतिशय वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘लसीमुळे मुलाचे काही बरेवाईट झाले तर शाळा जबाबदारी घेईल काय? तसे लेखी द्यावे.’ अफवेचा थेट उल्लेख असलेल्या चिठ्ठ्या जेमतेम मूठभर होत्या, आणि तरीही बाहेर सगळी चर्चा अफवांचीच चालली होती.

अफवा होती हे खरेच. ही लस परदेशातून मुद्दाम आणली आहे आणि तिच्यामुळे मुले पुढे बाप होऊ शकणार नाहीत, असे सांगणारा एक आवाजी संदेश त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होता. वास्तविक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती, जिची गोवराची लस कितीतरी देशांतली मुले घेत आली आहेत. तो संदेश मला ज्यांनी ऐकवला ते लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानात कामाला होते. त्यांचा मुलगा सातवीत. ‘अहो, लस पुण्यातच बनते,’ असे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, पण चेहरा तसाच राहिला. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘बाई, माझ्या वडिलांना आणीबाणीत असेच नेले होते. तेव्हाही घरी बोलवायला मास्तरच आले होते.’ यावर मी काय बोलणार? आणीबाणीत देशात अनेक ठिकाणी शिक्षकांना नसबंदीची उद्दिष्टे वाटून दिली होती आणि ती पुरी न केल्यास पगार अडवले जात होते, हा इतिहासच आहे. वडिलांची आठवण मनात असलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवरचा आवाज खोटा वाटणार नाही. त्या संदेशाने त्यांच्या मनात भीती नव्याने घातली नव्हती, जुनीच भीती वर काढली होती. मी त्यांना इतकेच म्हटले की त्या दिवशी तुम्ही मुलाबरोबर या, बसा, बघा आणि मग ठरवा. आम्ही त्याला तुमच्याशिवाय हात लावणार नाही. ते आले.

सासूबाई नको म्हणतात, असे लिहून पाठवणारी आई नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होती. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आजी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्याशी त्या अतिशय आदराने बोलल्या, चहा झाल्याशिवाय त्यांनी विषय काढू दिला नाही. मग म्हणाल्या, ‘गोवर म्हणजे काय रोग आहे का बाई? पोराच्या अंगावर एकदा येतोच. तो येऊ द्यायचा, दाबायचा नाही. दाबला तर आत जातो.’ त्यांच्या लहानपणी कोकणातल्या घरात गोवर आला की उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवत, घरात फोडणी देत नसत आणि पुरळ मावळले की मुलाला अंघोळ घालून मोकळे होत. बोलताना त्यांच्या पोलक्याची बाही वर सरकली होती आणि दंडावर देवी टोचल्याचे दोन वण दिसत होते, रुपयाएवढे गोल, मध्ये खोलगट आणि कडेला सुरकुतलेले. मी त्यांना विचारले, हे कधीचे? ‘शाळेतच टोचल्या. रडून घर डोक्यावर घेतले होते मी,’ त्या हसून म्हणाल्या.

मग त्यांच्या भावंडांचा विषय निघाला. सहा होती, त्यांतली चार वाढली. एक भाऊ कशाने गेला, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘हगवणीने. गोवर येऊन गेला होता चांगला, पंधरा दिवस झाले असतील, मग हगवण लागली.’ धाकटी बहीण छाती भरून गेली. तिलाही त्याच सुमारास गोवर येऊन गेला होता. घरात मात्र ती दोन्ही मरणे कधी गोवराच्या नावावर जमा झाली नव्हती. मला वाटते, गोवराविषयी आपल्या समाजात जी बेफिकिरी आहे तिचे मूळ इथे आहे. पुरळ अंगावर असताना हा आजार क्वचितच मारतो. तो शरीराची प्रतिकारशक्ती खिळखिळी करून जातो, आधी झालेल्या आजारांची शरीराने राखलेली ओळखही पुसून टाकतो, आणि मग न्यूमोनिया नाहीतर अतिसार पुढचे काम करतो. देवीचे तसे नव्हते. देवीचा रोगी डोळ्यांसमोर मरत असे आणि वाचला तर चेहऱ्यावर व्रण घेऊन जगत असे, म्हणून तिची लस लोकांनी शेवटी स्वीकारली, १९७५ नंतर भारतात तिचा रुग्ण सापडला नाही आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. गोवर मात्र आपला दोष दुसऱ्या आजारावर टाकून नामानिराळा राहतो.

हे मी आजींना पुस्तकी भाषेत सांगितले नाही. गोवर झालेल्या मुलाला पुढचे काही महिने हगवण आणि न्यूमोनिया फार लवकर गाठतात, एवढेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर सुनेला म्हणाल्या, ‘टोचून घे गं पोराला.’ सूनबाई पुढे मला एकदा म्हणाली की त्या दिवसापासून आजी तो भाऊ गोवराने गेला असेच सांगतात.

पालकसभा शनिवारी संध्याकाळी ठेवली, कारण इतर दिवशी नोकरी करणारे बाप येत नाहीत आणि घरात अखेरचा शब्द बहुधा त्यांचाच असतो. जवळच्या दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकारी बाई आल्या होत्या. मी थोडक्यात प्रास्ताविक केले. गोवरामुळे काय होते, लस काय करते, देशात आधी कुठे कुठे ही मोहीम झाली, हे लोकांनी शांतपणे ऐकले. नंतर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. ‘मॅडम, ते सगळे ठीक आहे. पण काही झाले तर कोण बघणार?’ सभागृहात जी कुजबुज उठली तिच्यावरून कळले की सगळे याच प्रश्नासाठी आले होते.

अशा वेळी ‘काही होत नाही हो’ असे म्हणून टाकणे अगदी सोपे असते, आणि मी अनेक ठिकाणी तसे म्हटलेले ऐकले आहे. डॉक्टर बाईंनी ते म्हटले नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहू लागल्या. हात दुखेल, एक-दोन दिवस. काही मुलांना सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप येईल, थोडे पुरळही येईल, कारण या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. मोठी मुले सुईच्या भीतीने चक्कर येऊन पडतील, ती लसीची नव्हे तर भीतीची चक्कर. आणि दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्या मुलाला तीव्र ॲलर्जी येऊ शकते, जी जवळजवळ नेहमी पहिल्या अर्ध्या तासात दिसते. म्हणून प्रत्येक मुलाला अर्धा तास बसवून ठेवू. त्यासाठीचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन टेबलावर असेल, ते कसे द्यायचे हे मला येते, आणि रुग्णवाहिकेतून केईएमला पोहोचायला फार वेळ लागणार नाही. एवढे सांगून त्यांनी फळ्यावर आपला मोबाइल नंबर लिहिला. ‘रात्री दोन वाजता फोन केलात तरी मी उचलीन. मी बघणार,’ त्या म्हणाल्या. पालक तो नंबर उतरवून घेऊ लागले. धोका आहे हे सांगितल्यावर नकार वाढायला हवे होते. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी ज्यांनी आधी रेघ ओढली होती त्यांनी चिठ्ठ्या बदलून दिल्या. लोकांना धोका शून्य असल्याची हमी नको असते, कारण तशी हमी कोणी देत असेल तर तो काहीतरी लपवतो आहे हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. धोक्याच्या वेळी आपल्या बाजूला कोण उभे राहील, हे त्यांना माणसाच्या तोंडून ऐकायचे असते.

सभेत आणखी दोन प्रश्न आले, ते वेगळ्या जातीचे होते. बँकेत नोकरी करणारे एक वडील मुलीची फाइल घेऊन आले होते. तीत बालरोगतज्ज्ञांकडच्या सगळ्या नोंदी तारखेनिशी होत्या, एमएमआरच्या दोन्ही डोसांसह. जादा डोस कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आधीची प्रतिकारशक्ती असेल तर ती या लसीतल्या विषाणूला लगेच निकामी करते, त्यामुळे तिसऱ्या डोसाने अपाय होत नाही, आणि मोहिमेत कोणाची नोंद खरी, कोणाची हरवलेली, हे तपासत बसता येत नाही म्हणून सरसकट डोस देतात, असे त्यांना समजावले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी तिथूनच आपल्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, दोन मिनिटे बोलले, आणि सही केली. सरकारवरचा, शाळेवरचा आणि विज्ञानावरचा विश्वास एका बाजूला, आणि मुलाला जन्मापासून पाहणाऱ्या डॉक्टरवरचा विश्वास दुसऱ्या बाजूला. दुसरा नेहमी जड भरतो. त्या डॉक्टरांनी ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हटले असते, तर आमची सगळी माहिती फुकट होती.

दुसरा प्रश्न एका आईने सभा संपल्यावर, सगळे गेल्यावर विचारला. तिच्या धाकट्या मुलाला बोलायला उशीर होत होता आणि गोवराच्या लसीने मुले स्वमग्न होतात, म्हणजे त्यांना ऑटिझम होतो, असे तिने कुठेतरी वाचले होते. हा समज १९९८ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलेल्या एका निबंधापासून पसरला. त्यात अवघ्या बारा मुलांची माहिती होती, पुढे ती माहितीच फिरवलेली असल्याचे उघड झाले, २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत लसीचा आणि स्वमग्नतेचा काहीही संबंध आढळला नाही. डॉक्टर बाईंनी तिला हे सांगितले, पण त्याआधी त्यांनी मुलाबद्दल विचारले: काय काय बोलतो, हाक मारल्यावर बघतो का, कोणाला दाखवले आहे का. वाडिया बालरुग्णालयात कोणत्या विभागात जायचे हेही लिहून दिले. ती आई लसीविषयी विचारत होती, पण तिची काळजी मुलाच्या बोलण्याची होती, आणि तिला हात घातल्याशिवाय लसीचे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचले नसते.

मधल्या दिवसांत नववीच्या वर्गात मी परळचाच इतिहास सांगितला. आमची मुले रोज हाफकिन संस्थेच्या फाटकावरून जातात, पण ती संस्था तिथे का आहे हे त्यांना माहीत नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, घराघरांतून झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना जबरदस्तीने उचलून नेऊ लागले, आणि ऑक्टोबरमध्ये चिडलेल्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्याच सुमारास वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगच्या लसीचे काम हाती घेतले. ती त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, तीच आजची हाफकिन संस्था. एवढ्यावर थांबता आले असते, पण मी मुलांना मलकोवालची गोष्टही सांगितली. १९०२ साली पंजाबातल्या त्या गावात प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतून टोचले होते. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि निर्दोष ठरायला त्यांना काही वर्षे लागली. ही गोष्ट आत्ता कशाला, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. मला वाटते, लसीच्या इतिहासातला अपघात शिक्षकाने लपवला तर तो अपघात मुलांना दुसरीकडून, मोडूनतोडून कळतो. इथे त्यांना कळला तो बाटली उघडल्यावर किती काळजी घ्यावी लागते याच्यासकट.

लसीकरणाच्या दिवशी तीन खोल्या होत्या: पहिलीत बसायचे, दुसरीत टोचायचे, तिसरीत अर्धा तास थांबायचे. ज्या पालकांना यायचे होते त्यांना आम्ही दुसऱ्या खोलीत प्रवेश दिला. सिस्टर अनुभवी होत्या. त्यांनी व्हॅक्सिन कॅरिअर उघडून लसीची व्हायल काढली आणि तिच्या झाकणावरचा छोटा गोल पुढे बसलेल्या पालकांना दाखवला. गोलातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली, उष्णता लागली की तो गडद होत जातो. नंतर भुकटीत द्रावण मिसळून त्यांनी व्हायलवर पेनाने वेळ लिहिली. विरघळवलेली लस चार तासांपुढे वापरत नाहीत, उरली तर टाकून देतात. प्रत्येक मुलासाठी नवी सिरिंज पाकिटातून काढायची, ती एकदा दाबली की पुन्हा मागे ओढताच येत नाही, आणि सुई लगेच हब कटरमध्ये कापायची. मसाल्याच्या दुकानातले ते वडील पहिल्या बाकावर बसून हे सगळे एकटक बघत होते. मुलाची पाळी आली तेव्हा त्यांनी सिस्टरना विचारले, ‘ही बाटली किती वाजता उघडली?’ सिस्टरनी व्हायल त्यांच्या हातात न देता डोळ्यांसमोर धरली. त्यांनी वेळ वाचली, घड्याळ पाहिले आणि मुलाची बाही स्वतः वर केली.

डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण लावून मुले तिसऱ्या खोलीत जात होती. तिथे अकराच्या सुमारास नववीतली एक मुलगी कोसळली. सकाळी काही न खाता आली होती. डॉक्टर बाईंनी तिला सतरंजीवर आडवे केले, पाय बाकावर उचलून ठेवले आणि नाडी धरून बसल्या. दोन-तीन मिनिटांत तिने डोळे उघडले, पण तेवढ्यात शेजारच्या दोघींना गरगरू लागले आणि खिडकीबाहेरून कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले. ‘शाळेत पोरगी बेशुद्ध पडली’ ही बातमी फाटकापर्यंत जायला वेळ लागला नाही. फाटक बंद करून घ्यावे, अशी सूचना एकाने केली. मी फाटक उघडायला सांगितले. बाहेर जमलेल्या आयांना चार-चार करून आत आणले. ती मुलगी तोवर भिंतीला टेकून शेंगदाण्याचा लाडू खात होती, आणि तिनेच त्यांना सांगितले की सुई दिसली आणि भीती वाटली. बंद फाटकामागे काय झाले असेल याची कल्पना लोक स्वतः करतात, आणि ती नेहमी घडलेल्या गोष्टीपेक्षा भयंकर असते.

पुढच्या दोन आठवड्यांत फोन आले, बहुतेक तापाचे, आणि ते फळ्यावर सांगितलेल्या दिवसांतच आले. डॉक्टर बाईंनी ते खरोखर उचलले. ‘नवव्या दिवशी ताप आला, तुम्ही म्हणाला होतात तसाच,’ असे एका आईने मला सांगितले तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जी मुले सर्दीमुळे किंवा गावी गेल्यामुळे राहिली होती त्यांना नंतरच्या फेरीत लस मिळाली. काही घरे मात्र शेवटपर्यंत तयार झाली नाहीत. निसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती पुरे, बाहेरचे काही नको, असे मानणारे एक सुशिक्षित कुटुंब त्यांत होते. त्यांच्याशी मी पुन्हा पुन्हा बोलले. त्यांची मते ऐकून घेतली, तरीही हा केवळ त्यांच्या घरचा निर्णय आहे असे मी मानत नाही. त्यांचा मुलगा ज्या वर्गात बसतो त्याच वर्गातल्या एका मुलीवर त्या वेळी कर्करोगाचे उपचार चालू होते आणि तिला ही लस देता येत नव्हती. ती सुरक्षित राहणार होती ती केवळ तिच्या भोवतीच्या मुलांमुळे. त्या मुलीचे नाव न घेता मी त्यांना हे सांगितले. त्यांचे मत बदलले नाही.

चार वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, गोवंडीत गोवराने मुले दगावू लागली. कस्तुरबा रुग्णालयात वॉर्ड वाढवावे लागले, केंद्राचे पथक आले, आणि नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस, तर साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही डोस देण्याची मोहीम निघाली. आमच्या शाळेत काम केलेली एक आरोग्य स्वयंसेविका तेव्हा तिथल्या वस्तीत फिरत होती. ती सांगत असे की बरीच घरे लसीच्या विरोधात नव्हतीच. करोनाच्या काळात बाळाचे डोस चुकले, मग कुटुंब गावी गेले, परत आले तेव्हा कार्ड हरवलेले होते, आणि केंद्रावर जायचे तर अर्धा दिवस मोडतो. मागच्या वेळी पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, इंजेक्शनाने बाळ तापले, रात्रभर रडले, दुसऱ्या दिवशी आईला जरीच्या कामाला बसता आले नाही आणि तिची मजुरी गेली. पुढच्या डोसाला ती आली नाही, तर तिला ‘नकार देणारी’ म्हणायचे का? स्थानिक मशिदींतून लसीसाठी आवाहने झाली, त्याचा उपयोगही झाला. पण त्या स्वयंसेविकेच्या म्हणण्यानुसार सर्वांत जास्त उपयोग झाला तो तापाचे औषध तिथेच हातात देऊन दुसऱ्या दिवशी बाळाला बघायला पुन्हा दारात गेल्याचा. ‘ताई, आधी कोणी परत येत नव्हते,’ असे तिला एका आईने सांगितले होते.

राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस द्यायची असते. ती शाळेत देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही क्रम बदलला: आधी पालकसभा, मग चिठ्ठी. चिठ्ठीवर कारणाची ओळ कायम ठेवली आणि तिच्याखाली डॉक्टरांचा मोबाइल नंबर छापला. तो छापायला पहिल्यांदा दवाखान्यातून नकार आला होता, रोज शेकडो फोन येतील या भीतीने. शेकडो आले नाहीत. जे आले त्यांतले बरेचसे लस घेण्याच्या आदल्या रात्रीचे होते, आणि विचारलेला प्रश्न बहुतेकांचा एकच होता: सकाळी पोराला पोटभर खायला घालून पाठवायचे ना?